तीन सेन्सर, एक तार: इंदूरमधल्या एका गाडीच्या अडखळत्या आयडलिंगचे निदान

प्रस्तुत प्रकरणातली गाडी २०१३ च्या उत्तरार्धात तयार झालेली, बाराशे सीसीची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. तिचे थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) केबलने उघडते, आयडलिंगपुरती (ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन चालू राहण्यापुरती) हवा एका वेगळ्या झडपेतून सोडली जाते, आणि सिलिंडरमध्ये किती हवा जात आहे याचा हिशोब ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) मॅप सेन्सरवरून, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या) दाबावरून, मांडतो. हवेचा प्रवाह थेट मोजणारा सेन्सर या गाडीत नाही. ही गोष्ट आरंभीच नोंदवण्याचे कारण असे की पुढचे सगळे निदान तिच्यावरच उभे आहे.

गाडीचे मालक इंदूरच्या लोकमान्य नगरात राहणारे निवृत्त बँक अधिकारी असून गाडी त्यांनी सेकंडहँड घेतलेली आहे. रोजचा वापर मात्र त्यांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, तोही राजवाडा आणि आसपासच्या गर्दीच्या भागात. तक्रार अशी होती की इंजिन गरम झाल्यावर सिग्नलला गाडी थरथरते, आरपीएमचा काटा साडेसहाशे ते हजार यांच्यात वरखाली होत राहतो, अधूनमधून गाडी बंदही पडते, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि ॲव्हरेज बरेच उतरले आहे. तीच गाडी महूच्या पुढे मुंबई-आग्रा महामार्गाला लागली की मात्र तिच्याबद्दल काहीच तक्रार नसे. पीयूसी केंद्रावर कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण २ टक्क्यांच्या वर निघाले. बीएस-४ पेट्रोल गाडीसाठी आयडलिंगची मर्यादा ०.३ टक्के आहे.

आमच्या गॅरेजमध्ये येण्यापूर्वी गाडी दोन ठिकाणी दाखवून झाली होती. प्लग बदलले होते, थ्रॉटल बॉडी धुतली होती, ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला होता, थर्मोस्टॅट नवा टाकला होता आणि शेवटी मॅप सेन्सरही बदलला होता. प्रत्येक कामानंतर ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड पुसल्यामुळे चेक इंजिनचा दिवा काही काळ विझत असे आणि गाडी दुरुस्त झाल्यासारखी वाटे.

स्कॅनरवर दोन कोड होते. पी०१७२ म्हणजे मिश्रण मर्यादेपलीकडे श्रीमंत, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. पी०१२८ म्हणजे कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे) तापमान थर्मोस्टॅट (ते पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडण्याच्या तापमानापर्यंत पोचत नाही. पहिल्या कोडवरून ऑक्सिजन सेन्सर बदलला गेला आणि दुसऱ्यावरून थर्मोस्टॅट. वास्तविक पी०१७२ हा कोड ऑक्सिजन सेन्सरच्या बिघाडाचा नाही. ऑक्सिजन सेन्सरने धुरात प्राणवायू कमी असल्याचे सांगितले, ईसीयूने पेट्रोल कमी करत नेले आणि कमी करण्याची मर्यादा संपली, एवढाच त्याचा अर्थ. ज्या गाडीच्या धुराला पेट्रोलचा वास येतो आणि जी पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडवर नापास होते, तिचा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण श्रीमंत असल्याचे सांगत असेल तर तो खरेच सांगत आहे. या प्रकरणात खरे बोलणाऱ्या साक्षीदाराला सर्वांत आधी बाहेर काढले गेले.

कोड बाजूला ठेवून आम्ही चालू इंजिनची आकडेवारी घेतली. गरम इंजिन, एसी बंद, आयडलिंग: मॅनिफोल्डचा दाब ३९ किलोपास्कल, कूलंट ६८ अंश, आणि फ्यूल ट्रिम (ऑक्सिजन सेन्सरचे ऐकून ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करत आहे तो आकडा) उणे २५ टक्क्यांवर जाऊन टेकलेली. महामार्गावर स्थिर वेगात हीच ट्रिम उणे ६ ते ८ टक्क्यांवर येत होती. एसी चालू करून उभे राहिल्यावर ती उणे १७ च्या आसपास स्थिरावे आणि थरथरही कमी होई. हे निरीक्षण काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते: "एसी लावला की गाडी जरा शांत होते." एसीचा भार पडल्यावर आयडलिंग बिघडते असाच सर्वांचा अनुभव असल्यामुळे आधीच्या दोन्ही ठिकाणी हे कोणी मनावर घेतले नव्हते. आमच्या दृष्टीने मात्र ती या प्रकरणातली सर्वांत मोलाची माहिती ठरली, कारण तिने बिघाडाचे स्वरूप दाखवून दिले: एसीच्या भाराने किंवा महामार्गावर मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, आणि तो दाब जितका कमी, तितकी चूक मोठी.

श्रीमंत मिश्रणाची इतर कारणे लवकर निकाली निघाली. पेट्रोलचा दाब कंपनीच्या मापात होता आणि इंजिन बंद केल्यावर टिकून राहत होता, म्हणजे इंजेक्टर गळत नव्हते. टाकीची वाफ ओढणाऱ्या झडपेची नळी चिमटून पाहिली तरी फरक पडला नाही. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना सारखे होते. मॅनिफोल्डला बाहेरून हवा ओढणारी फट असण्याची शंका अशा तक्रारीत सगळ्यांना प्रथम येते, पण ती या गाडीला लागू पडत नाही. हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरच्या गाडीत फटीतून आलेली हवा मोजणीबाहेर राहते आणि मिश्रण पातळ होते; मॅप सेन्सरच्या गाडीत तीच हवा दाबाच्या रूपाने मोजली जाते, तिच्यापुरते पेट्रोल पडते, आणि परिणाम मुख्यतः आयडलिंग चढण्यात दिसतो. दोन्ही प्रकारच्या गाड्यांना एकच नियम लावून कार्ब क्लीनरचे डबे रिकामे करणारे कारागीर अजूनही पुष्कळ आहेत.

आता प्रश्न मॅप सेन्सरचा. चावी चालू आणि इंजिन बंद असताना हा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. स्कॅनरवर ९७ किलोपास्कल दिसत होते. आधीच्या ठिकाणी, पुस्तकात १०१ लिहिलेले असताना ९७ दिसतात म्हणून सेन्सर खराब ठरवला गेला होता, आणि नव्या सेन्सरनेही ९७ च दाखवल्यावर तो विषय तिथेच सोडून दिला गेला होता. परंतु १०१ हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर माळव्याच्या पठारावर वसलेले आहे आणि इथला प्रत्यक्ष दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. मोबाइलवरच्या हवामानात तो १०१ च्या जवळ दिसतो, कारण हवामानाच्या नकाशांसाठी दाब समुद्रसपाटीला रूपांतरित करून सांगण्याची पद्धत आहे; गाडीच्या सेन्सरशी ताडून पाहण्यासाठी त्या आकड्याचा उपयोग नाही. म्हणजे सेन्सर चारने कमी नव्हे, तर दोनने जास्त दाखवत होता. चूक कोणत्या दिशेला आहे, हेच उलटे धरले गेले होते.

दोन किलोपास्कलचा फरक एरवी कोणीही सोडून दिला असता. आम्ही मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावला. आयडलिंगला काटा ४७ सेंटिमीटर पाऱ्यावर स्थिर होता, म्हणजे ६३ किलोपास्कलची ओढ. ही ओढ १०१ मधून वजा केली तर ३८ उरतात आणि स्कॅनरवरचे ३९ बरोबर वाटू लागतात. इथेच पुष्कळांची तपासणी संपली असती. इंदूरच्या ९५ मधून वजा केले तर ३२ उरतात. ईसीयू ज्या ३९ वर विश्वास ठेवून पेट्रोल सोडत होता, ते प्रत्यक्षातल्या दाबापेक्षा ७ ने, म्हणजे बावीस टक्क्यांनी, जास्त होते. ट्रिम उणे २५ वर का टेकली, याचा बहुतेक भाग एवढ्याने उलगडतो.

सेन्सर नवा असूनही चूक तीच राहिली, तेव्हा चूक सेन्सरच्या बाहेर असणार हे उघड होते. आता कूलंटच्या ६८ अंशांकडे वळलो. थर्मोस्टॅटच्या घरावर काळी चिकटपट्टी लावून इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिले असता तापमान ९० अंश निघाले. (उघड्या ॲल्युमिनियमवर हे थर्मामीटर बरेच कमी दाखवते, चिकटपट्टी न लावता घेतलेल्या आकड्यावर भिस्त ठेवू नये.) म्हणजे थर्मोस्टॅट नीट काम करत होता, इंजिन पुरेसे गरम होत होते, आणि ईसीयूला मात्र ते अर्धवट थंड वाटत होते. कूलंट सेन्सर काढून त्याचा रेझिस्टन्स गरम पाण्यात मोजला, तर ८० अंशांना ३२० ओहमच्या आसपास, म्हणजे अगदी मापात. सकाळी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर कूलंट आणि आत येणारी हवा यांची तापमाने जुळतात का, हीही नेहमीची तपासणी केली. ती जुळत होती, पण दोन्ही घराबाहेरच्या थर्मामीटरपेक्षा तीन-चार अंशांनी खाली होती. दोन सेन्सर एकमेकांशी जुळतात एवढ्यावर समाधान मानले असते तर हेही निसटले असते.

दाब जास्त, कूलंट थंड, हवा थंड: तीन निरनिराळे सेन्सर, तिघेही स्वतंत्रपणे तपासल्यावर निर्दोष, आणि तिघांचीही चूक ईसीयूला अधिक पेट्रोल सोडायला लावणारी. थ्रॉटलचा सेन्सरही पाहिला, तर पाय उचललेला असताना त्याचे व्होल्टेज ०.५ च्या जागी ०.८ ते ०.९ यांच्या दरम्यान डोलत होते. या चौघांमध्ये सामाईक असे काय आहे, हे वायरिंगच्या नकाशात पाहिल्यावर दोन गोष्टी सापडल्या: ५ व्होल्टचा पुरवठा आणि परतीची अर्थिंगची तार. पुरवठा ईसीयूपाशी ४.९९ होता. उरली परतीची तार. ऑक्सिजन सेन्सरची परतीची तार या गाडीत वेगळी आहे, म्हणूनच त्याचे म्हणणे शेवटपर्यंत शाबूत राहिले.

तपासणी साध्या मल्टिमीटरची आहे. चावी चालू, सर्व कपलर जोडलेले, मीटरची काळी दांडी बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल दांडी मॅप सेन्सरच्या कपलरमागून अर्थिंगच्या पिनेला. चांगल्या गाडीत इथे ०.०५ व्होल्टच्या आत आकडा येतो. इथे तो ०.४१ आला. तीच लाल दांडी ईसीयूच्या बाजूच्या पिनेला लावल्यावर ०.०२. म्हणजे ईसीयू आणि त्याची स्वतःची अर्थिंग ठीक होती, आणि मधल्या तारेत कुठेतरी जवळपास ०.४ व्होल्ट अडत होते. वायरिंग हलक्या हाताने हलवली की आकडा ०.२५ ते ०.५ यांच्यात नाचे, आणि त्याच्यासोबत आयडलिंगही.

आधीच्या इलेक्ट्रिशियनने ही तार तपासली नव्हती असे नाही. त्याने मीटरच्या बझरवर ती पाहिली होती आणि बझर वाजला म्हणून तार चांगली ठरवली होती. बहुतेक मल्टिमीटरचा बझर तीस ते पन्नास ओहमपर्यंतच्या कोणत्याही जोडणीला वाजतो. दिव्याच्या किंवा हॉर्नच्या तारेत तीस ओहम असते तर दिवा लागलाच नसता आणि दोष लपला नसता. सेन्सरच्या तारेतून मात्र मिलिअँपिअरमध्ये मोजावा एवढाच प्रवाह वाहतो. मॅप सेन्सरचे नऊ-दहा, थ्रॉटलचे एक-दोन, दोन्ही तापमान सेन्सरचे मिळून तीनेक, असे सुमारे चौदा मिलिअँपिअर या तारेतून परत जातात. तीस ओहममधून एवढा प्रवाह गेला की ०.४२ व्होल्ट अडतात. मोजलेला आकडा आणि हिशोब इतके जवळ आल्यावर निदानाबद्दल शंका उरली नाही. सेन्सरची अर्थिंग बझरवर तपासू नये, प्रवाह चालू ठेवून व्होल्टेजवर तपासावी, असे आम्ही आमच्याकडच्या मुलांना सांगतो ते याच कारणासाठी.

या ०.४ व्होल्टने प्रत्येक सेन्सरवर सारखा परिणाम का केला नाही, हे समजल्याशिवाय प्रकरण पुरते उलगडत नाही. मॅप सेन्सर आपले उत्तर अर्थिंग आणि ५ व्होल्ट यांच्या दरम्यान प्रमाणात देतो. अर्थिंगची पातळी वर उचलली गेली की तळाकडचे आकडे जवळजवळ पूर्ण उचलले जातात, माथ्याकडचे अगदी थोडे, कारण माथा ५ व्होल्टला बांधलेला असतो. म्हणून आयडलिंगच्या ३२ किलोपास्कलला सात किलोपास्कलची चूक झाली, एसीच्या भारामुळे दाब ४२ झाल्यावर ती साडेसहाच्या आसपास आली, महामार्गावर ७० ला चार-साडेचार राहिली आणि इंजिन बंद असतानाच्या ९५ ला फक्त दोन-सव्वादोन. टक्केवारीत पाहिले तर बावीस, सोळा, सहा आणि सव्वादोन. शहरात आजारी आणि महामार्गावर ठणठणीत हे गाडीचे वागणे, काकूंचे एसीचे निरीक्षण आणि इंजिन बंद असतानाच्या तपासणीत जेमतेम दिसणारा दोष, या तिन्हींचे उत्तर एकच निघाले. काटा वरखाली होण्याचे कारण थ्रॉटल सेन्सरकडे होते: त्याचा आकडा डोलला की पाय ॲक्सिलरेटरवर आला असे ईसीयू समजे आणि आयडलिंगवरचा ताबा सोडून देई.

कूलंटच्या बाबतीत हाच प्रकार अधिक घातक होता. इंजिन तापेल तसे या सेन्सरचे व्होल्टेज उतरते आणि गरम इंजिनला ते अर्ध्या व्होल्टच्या खाली असते, म्हणजे अगदी तळाशी, आणि तिथे ०.४ व्होल्टची भर पडली की तापमानाचा आकडा फारसा वर सरकतच नाही. एसी बंद ठेवून गाडी उभी केली तेव्हा इन्फ्रारेडवर तापमान ९० वरून १०२ पर्यंत गेले आणि स्कॅनरवर ६८ वरून जेमतेम ७३ पर्यंत. रेडिएटरचा पंखा फिरला नाही. इंजिन आम्ही तिथेच बंद केले. पंखा फिरवण्याचा हुकूम ईसीयूच देतो आणि डॅशबोर्डवरचा तापमानाचा दिवाही ईसीयूच लावतो, त्यामुळे इंजिन तापून बसले असते तरी चालवणाऱ्याला आधी काहीच कळले नसते. आजवर हे घडले नाही, कारण शहरात काकू एसी कायम चालू ठेवत आणि एसीसोबत पंखा आपोआप फिरतो. ॲव्हरेज वाचवण्यासाठी एसी बंद ठेवा, असा सल्ला आधीच्या एका ठिकाणी त्यांना दिला गेला होता. त्यांनी तो मानला नाही हे बरे झाले.

तारेचा माग काढत बॅटरीच्या ट्रेमागे गेलो तेव्हा कारखान्याच्या टेपखाली एक वेगळी, नंतर गुंडाळलेली काळी टेप सापडली. आधीच्या मालकाने या गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवून घेतले होते आणि विकताना ते काढून घेतले होते. किटच्या वायरिंगसाठी सेन्सरच्या अर्थिंगची तार कापून तिच्यात जोड घेतलेला होता, आणि किट काढताना दोन टोके नुसती पिळून टेपने बांधलेली होती. त्यावर गेलेल्या पावसाळ्यांत ओल शिरून तांबे हिरवे पडले होते, आणि बहुतेक धागे तुटून दोन-तीनच टेकलेले होते. किट बसवण्यात गैर काही नाही. इंदूरमध्ये अशा गाड्या पुष्कळ आहेत आणि नीट बसवलेल्या चालतातही. सेकंडहँड गाडी घेताना किट कधी बसले होते का, हे विचारून आरसी पुस्तकात पाहून घेणे मात्र उपयोगाचे ठरते, आणि अडखळणाऱ्या आयडलिंगच्या तक्रारीत आम्ही हा प्रश्न आता सर्वांत आधी विचारतो.

दुरुस्ती लहान होती. खराब झालेला भाग पुढेमागे तांबे स्वच्छ लाल दिसेपर्यंत कापून काढला, त्याच जाडीची नवी तार घालून दोन्ही जोड क्रिंप केले, त्यांवर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवली आणि जोड पाणी साचणार नाही अशा उंचीवर बांधला. त्याच वायरिंगमध्ये किटसाठी घेतलेले आणखी दोन जोड सापडले, इंजेक्टरच्या तारांवरचे. ते अजून चालते होते, तरी तेही नव्याने केले. ऑइल काढले तेव्हा त्याला पेट्रोलचा वास होता आणि ते पातळ झालेले होते, म्हणून फिल्टरसह बदलले. प्लग पुन्हा काजळले होते; ते स्वच्छ करून परत लावले, कारण ते अलीकडेच घेतलेले होते.

शिकलेल्या ट्रिम पुसून गाडी चालू केली. अर्थिंगवर ०.०२ व्होल्ट, इंजिन बंद असताना ९५ किलोपास्कल, आयडलिंगला ३२, कूलंट स्कॅनरवर ८९ आणि इन्फ्रारेडवर ९०. एसी बंद ठेवून उभी केली तेव्हा ९७ अंशांना पंखा फिरला. पहिल्या काही किलोमीटरपर्यंत आयडलिंग किंचित चढे राहिले, कारण हवेच्या झडपेची नवी जागा ईसीयूला पुन्हा शिकावी लागते. त्यानंतर ते साडेसातशेला थांबले आणि ट्रिम सगळ्या वेगांत अधिक-उणे ३ टक्क्यांच्या आत राहिली. पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या आत आला.

आधी काढलेला मॅप सेन्सर काकांनी डिकीत जपून ठेवला होता. तो हातपंपाने व्हॅक्यूम देऊन तपासला, तर नव्या सेन्सरच्या बरोबरीने आकडे देत होता. त्यांच्या सांगण्यावरून तो सुटा भाग म्हणून परत दिला आहे. धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल मात्र एवढ्यात काही सांगता येत नाही. इतका काळ श्रीमंत मिश्रण जाळून त्याचे आयुष्य थोडेफार घटले असणे शक्य आहे, आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख पुढच्या सर्व्हिसला पुन्हा पाहायचा असे गाडीच्या कार्डावर लिहून ठेवले आहे.